शेवटचे अकरा आधी ठरवा

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५ ची सकाळ. मुलींचा फुटबॉलचा सराव संपवून आम्ही मखमलाबादच्या रस्त्याला मिसळ खायला थांबलो होतो. टेबलावर सहा जण: मी, माझी तेरा वर्षांची लेक, माझे वडील अण्णा, निफाडहून आलेले दाजी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि आमच्या शाळेतले कोल्हापूरचे सर. तर्रीचं भांडं येईपर्यंत सरांनी कागदी रुमालावर अकरा नावं लिहिली होती आणि भाच्यानं त्यातली चार खोडली होती.

मंगळवारी मडगावला भारताचा सिंगापूरशी सामना होता. हा गट ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सौदी अरेबियातल्या २०२७ च्या आशिया कपाची पात्रता फेरी. भारत, बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर, चौघांतला एकच पुढे जाणार. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-० बरोबरी. जूनमध्ये हाँगकाँगला जाऊन ०-१ हार, तीही इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर. ९ ऑक्टोबरला सिंगापूरला १-१. म्हणजे तीन सामन्यांत दोन गुण. हाँगकाँगचे सात, सिंगापूरचे पाच. मंगळवारी जिंकलो नाही तर सौदी अरेबियाला जायचा विषय जवळजवळ संपला.

गुरुवारचा तो १-१ चा सामना सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता. मध्यंतराच्या अगदी तोंडावर इखसान फांदीचा गोल बसला, मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, मग जवळजवळ सगळा दुसरा डाव दहा जणांनी काढला आणि नव्वदाव्या मिनिटाला त्यांच्या बचावाच्या चुकीवर रहीम अलीनं बरोबरी साधली. मी स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आले, शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या काय झालं म्हणून. त्या एका गोलानं आम्हा सगळ्यांना मंगळवारची आशा लावली होती. म्हणून तर रुमालावर नावं लिहिणं चाललं होतं. आशाच नसती तर कुणी पेन काढला नसता.

झिंगन निलंबित, मग बचावात अन्वर अलीच्या जोडीला कोण? यावर वाद झालाच नाही. मुंबईचा राहुल भेके, असं सगळेच म्हणाले. अण्णांनी वर "आपला माणूस आहे" एवढी भर घातली. खरा वाद दोन गोष्टींवर होता. पहिली, सुनील छेत्रीला सुरुवातीपासून उतरवायचं की बाकावर बसवायचं. दुसरी, जी दर वेळी येतेच: आपल्या पोरांत जिद्द आहे की नाही.

सरांचं मत पक्कं होतं. "मॅडम, निवड-बिवड सगळं नंतर. ह्येंच्यात ईर्षाच न्हाई. आमच्या पेठेतलं पोरगं शाहू स्टेडियमवर उतरलं की समोर पाटाकडील असू दे न्हाईतर दिलबहार, गुडघा फुटला तरी ते भायेर येत न्हाई." पाटाकडील, दिलबहार ही तिथली फुटबॉलची तालीम मंडळं. ईर्षा हा शब्द कोल्हापूरकडच्या माणसाच्या तोंडी ऐकावा. आपण नाशिकला ईर्ष्या म्हणतो तेव्हा त्यात जळणं असतं. त्यांच्या ईर्षेत मैदान, तालीम, पेठ आणि आपल्या मंडळाचा रंग हे सगळं असतं. सरांच्या तालमीतल्या आठवणी मी दहा वर्षं ऐकतेय आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत. ज्या गावात स्थानिक मंडळांच्या सामन्याला स्टेडियम भरतं, त्या गावच्या माणसाला हा शब्द वापरायचा अधिकार आहे.

भाचा दुसऱ्या टोकाला. त्याला भावनेची भाषा आवडत नाही. "मावशी, छेत्री एक्केचाळीस वर्षांचा आहे. पुढून प्रेसिंग करायचं असेल तर पहिला धावणारा तोच असतो. त्याला सुरुवातीला घेतलंस तर बाकीच्या दहा जणांना त्याच्या वाटचं धावावं लागणार. पुढे रहीम अली, चांगते, लिस्टन. विषय संपला."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, आणि त्यांच्यासमोर छेत्रीला बाकावर बसवायची भाषा जपून करावी लागते. "पंच्याण्णव गोल आहेत त्याचे," ते म्हणाले, "आणि मागच्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये चौदा. एकाही हिंदुस्थानी पोराचे त्याच्याहून जास्त नाहीत. गोल हवा असेल तर गोल करणारा माणूस उतरवायचा. यात वाद कसला?"

मग ते जकार्त्यावर आले. जिद्दीचा विषय निघाला की आमच्या घरात १९६२ येतंच. आशियाई खेळांची अंतिम लढत, समोर दक्षिण कोरिया, स्टेडियम भरून भारताच्या विरोधात. इस्रायल आणि तैवानला खेळू न देण्यावरून भारतीय पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता, त्याचा राग आपल्या संघावर निघत होता. जर्नेलसिंग मूळचा बचावपटू. डोक्याला जखम, टाके पडलेले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यात पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्यानं गोल केला. अंतिम सामन्यातला पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, २-१ आणि सुवर्णपदक. आणि रहीमसाहेब स्वतः कर्करोगानं पोखरलेले, पुढच्या वर्षी गेले.

"टाके पडलेल्या डोक्यानं हेडर मारायचे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला. तो दर वेळी होतो, आणि मला दर वेळी गलबलून येतं.

पण मला त्यांना उत्तर द्यायचंच होतं. "अण्णा, जर्नेलसिंगला पुढे खेळवायचं धाडस रहीमसाहेबांना झालं, कारण त्यांना तो माणूस आतून-बाहेरून माहीत होता. ते १९५० पासून संघाबरोबर होते. १९५६ ला मेलबर्नला आपण चौथे आलो, १९६० ला रोमला खेळलो, मग जकार्ता. त्यातली कितीतरी पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली. आणि घरी कलकत्त्याची लीग, संतोष ट्रॉफी, रोव्हर्स कप, ड्युरँड. वर्षभर पायाला चेंडू. आत्ताची पोरं शेवटचा लीगचा सामना कधी खेळली सांगा बरं?"

कुणी बोललं नाही. उत्तर माझ्या लेकीनं दिलं, कारण ती तो सामना माझ्या शेजारी बसून पाहत होती. "एप्रिल. मोहन बगान आणि बेंगळुरू."

१२ एप्रिलला इंडियन सुपर लीगची फायनल झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला सुपर कप संपला. मग जुलैमध्ये बातमी आली की पुढचा मोसम थांबवलाय, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपतोय आणि नवा ठरलेला नाही. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार थांबवले. ऑगस्टमध्ये खालिद जमीलकडे संघ आला. आयझॉलसारख्या संघाला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा माणूस, मुंबईच्या मैदानांवर घडलेला, आणि तेरा वर्षांनी भारताला मिळालेला भारतीय प्रशिक्षक. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी आहे. त्यानं ताजिकिस्तानला ताजिकिस्तानात हरवलं, ओमानला पेनल्टी शूटआउटवर हरवून मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपात तिसरा क्रमांक आणला. ओमानला आपण त्याआधी कधी हरवलंच नव्हतं. पण त्याच्या हाती आलेल्या पोरांपैकी कितीतरी जणांना महिनोन्‌महिने नीट सामने मिळाले नव्हते. ड्युरँडही सगळे क्लब खेळले नाहीत. तिकडे सिंगापूरची लीग ऑगस्टपासून चालू होती.

"एवढासा देश," सर म्हणाले, "आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी माणसं." हे त्यांचं बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा एकसष्ट लाखांचा होता, सिंगापूर आज साधारण तेवढंच आहे. फिफाच्या क्रमवारीतही ते तेव्हा आपल्या खालीच होते. "मग एवढ्याशा देशाला भ्यायचं म्हणजे ईर्षा न्हाई म्हणूनच की."

इथं दाजी पहिल्यांदा बोलले. दाजींना फुटबॉल कळतो तो भाच्यामुळे, पण ते ऐकतात फार नीट. ते उठले, बाहेर लावलेल्या पिकअपकडे गेले आणि द्राक्षाच्या तीन-चार काड्या घेऊन आले. शुक्रवारी तपासणीसाठी प्रयोगशाळेत दिल्या होत्या त्यातल्याच उरलेल्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी त्यांची छाटणी सुरू होणार होती.

त्यांनी एक काडी मिसळीच्या ताटाशेजारी आडवी ठेवली. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, पेरापेराला डोळा. अंगठ्याच्या नखानं त्यांनी बुडाकडून डोळे मोजले. एक, दोन, तीन, चार. चौथ्यावर नख टेकवलं. "रिपोर्ट म्हणतो घड चौथ्या आणि पाचव्या डोळ्यात आहे. मी सहाव्याच्या वर कात्री लावणार. बरोबर? आता मला सांगा, मेव्हणबाई, या डोळ्यात घड कधी तयार झाला?"

मी शेतकऱ्याच्या घरातली नाही, तरी बहिणीमुळे एवढं माहीत होतं. "उन्हाळ्यात."

"एप्रिलात खरड छाटणी झाली. नवी फूट आली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत घड धरतो. बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा त्याला ऊन लागतं, काडीत साठा लागतो. औंदा मे महिन्यात काय झालं? पाऊस. काडीला ऊनच मिळालं नाही. आता ऑक्टोबरात मी कितीही हुशारीनं कात्री चालवली, पेस्ट लावली, खत टाकलं, तरी जो घड आत धरलाच नाही तो बाहेर कुठून येईल? माझ्या बागेत तपासलेल्या दर दहा काड्यांतल्या चारांत काहीच सापडलं नाही. आता त्या काड्यांत ईर्षा नाही असं म्हणायचं का, सर?"

सर हसले नाहीत. त्यांनी काडी हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि बराच वेळ ती खाली ठेवली नाही.

मला त्या क्षणी दाजींना मिठी मारावीशी वाटली. कारण चोवीस वर्षं जे माझ्या मनात होतं ते त्यांनी त्या काडीवर दाखवलं होतं.

२००१ ची गोष्ट. मी सतरा वर्षांची, लेफ्ट बॅक. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. आम्ही चार जणी एकाच मैदानावर सराव करायचो. निवडीच्या आधी ते मैदान एका प्रदर्शनाला भाड्यानं दिलं गेलं आणि सात आठवडे आमच्या हाती आलं नाही. पत्र्याचे स्टॉल, खड्डे, शेवटी खिळे. आम्ही गल्लीत भिंतीवर चेंडू मारायचो, गोदाकाठानं सोमेश्वरपर्यंत पळायचो. पळणं होत होतं, पण सामना होत नव्हता. सामना म्हणजे काय ते खेळलेल्यालाच कळतं. तुमच्या बाजूनं येणारी मुलगी कधी आत वळेल, मागची मैत्रीण कुठे उभी आहे, कधी धाव घ्यायची आणि कधी घ्यायची नाही, याचं एक घड्याळ अंगात असतं. ते घड्याळ सात आठवड्यांत बंद पडलं.

निवड सामन्याचा पहिला डाव मी बरा काढला. दुसऱ्या डावात समोरची विंगर माझ्याजवळून दोनदा गेली. दुसऱ्यांदा मला ती कुठून जाणार हे दिसत होतं. दिसत होतं आणि पाय अर्धा सेकंद उशिरा हलले. त्या अर्ध्या सेकंदाची चव अजून माझ्या तोंडात आहे.

सामना संपल्यावर मी पाणी प्यायला निवडकर्त्यांच्या टेबलाजवळ गेले. रजिस्टर उघडं होतं. माझ्या बाजूनं उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. निळ्या शाईतले रकाने: वेग, चेंडूवर ताबा, मनोबल. माझ्या नावापुढे मनोबलाच्या रकान्यात लिहिलं होतं, कमी. खाली आमच्याच मैदानावरच्या तिघींची नावं. त्यांच्यापुढे शब्दसुद्धा लिहिला नव्हता. 'वरीलप्रमाणे' म्हणून नुसती दोन-दोन टिंबं दिली होती.

चौघी एका मैदानावरच्या, चौघींचं मनोबल कमी. त्यांना ते विचित्र वाटलं नाही. माझ्या मैत्रिणींपैकी एक पुन्हा खेळलीच नाही. आपण आतून कच्च्या आहोत हे तिनं खरं मानलं. मीही दोन-तीन वर्षं खरं मानलं होतं. आज मी पंधरा मुलींना शिकवते आणि माझ्या वहीत तो रकाना नाही. त्याऐवजी मी लिहिते: गेल्या महिन्यात किती सामने मिळाले.

म्हणून त्या रविवारी सरांना मी जे सांगितलं ते फार जीव तोडून सांगितलं, आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहायला लागली तरी. मनोबल नसतं असं मी म्हणत नाही. असतं. दहा जणांनी नव्वदाव्या मिनिटापर्यंत तग धरून बरोबरी साधणारा संघ भेकड असूच शकत नाही. पण मनोबल हे सामन्यांतून अंगात मुरतं. आपण त्याला एखाद्या दागिन्यासारखं समजतो, घरून निघताना घातला की झालं. आणि जे आपण खेळाडूला दिलेलं नसतं, त्याची जबाबदारी त्याच्या छातीवर टाकून मोकळे होतो.

"बरं, मग तुझा संघ सांग," भाचा म्हणाला. त्याचा हा गुण मला आवडतो. भाषण ऐकून घेतो आणि मग हिशेब मागतो.

माझा हिशेब असा होता. नव्वद मिनिटांचा दम सगळ्यांत नाही, हे आधी मान्य करायचं. मग संघ उलट्या बाजूनं निवडायचा. सामना संपवणारे अकरा आधी ठरवायचे. साठाव्या मिनिटानंतर मैदानावर कोण हवंय? पुढे छेत्री, कारण दमलेल्या बचावासमोर त्याला अर्धी संधी पुरते आणि त्याची जागा शोधायची अक्कल वयानं कमी होत नाही. कडेला ताजे पाय. मध्यात चेंडू धरून ठेवणारा एक. हे ठरलं की मग सुरुवात करणारे ठरवायचे, आणि त्यांना सांगायचं की तुमचं काम साठ मिनिटांचं आहे, सगळं ओता, राखून ठेवू नका. रहीमला सुरुवात द्यायची, गुरुवारच्या गोलानं त्याच्या अंगात जे आलंय ते मंगळवारी वापरायचं. आपण अकरा नावं लिहितो ती पहिल्या शिट्टीची, आणि बदली खेळाडूंना उरलेले समजतो. माझ्या मुलींनाही मी हेच सांगते. शेवटच्या वीस मिनिटांसाठी जिला राखून ठेवते, तिच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास असतो.

अण्णांना पटलं नाही. "छेत्री रांगेत पुढे उभा राहून राष्ट्रगीत म्हणतो तेव्हा समोरच्या संघाला काहीतरी वाटतं," ते म्हणाले. "ते तुझ्या हिशेबात धरलंस का?" नव्हतं धरलं. छेत्री आणि मी एका वर्षाचे, १९८४ चे. मी त्याला वीस वर्षं बघतेय आणि तो बाकावर बसलेला मलाही बघवत नाही. अण्णांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

लेकीनं रुमाल उचलून खिशात टाकला. तिसरा पाव घेतला आणि आम्ही उठलो.

मंगळवारी शाळेत दिवाळीआधीची परीक्षा होती, म्हणून मडगावला जाता आलं नाही. खरं तर नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की न बदलता मडगावला उतरता येतं. ती रुखरुख राहील. आम्ही अण्णांकडे जमलो. आईनं चकलीचा पहिला घाणा काढला होता, सगळ्या घरात तळणाचा वास.

चौदाव्या मिनिटाला चांगतेनं दुरून असा काही फटका मारला की अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात, आधाराशिवाय ते उठत नाहीत. त्या दिवशी उठले. तीस मिनिटं आम्ही १-० नं पुढे होतो आणि मी मनात सौदीचं तिकीट काढून ठेवलं होतं.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला सोंग उई-यंगनं बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानंच दुसरा गोल केला. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता आणि आपल्याला एक गोलसुद्धा करता आला नाही. १-२. पात्रता फेरीतले दोन सामने बाकी असताना आपण बाहेर पडलो.

माझा हिशेब मी प्रामाणिकपणे तपासला. मला शेवटच्या अर्ध्या तासाची धास्ती होती, आणि दोन्ही गोल त्याच्या आधीच बसले होते. म्हणजे नुसता दम हे कारण धरून चालणार नाही. पण दुसरी एक गोष्ट मला रात्री झोपू देईना. गुरुवारी सिंगापूरला गोल बसला तो पंचेचाळीस मिनिटं भरल्यावर. मंगळवारी मडगावला चव्वेचाळिसाव्या मिनिटाला. पाच दिवसांत, त्याच संघाविरुद्ध, दोनदा मध्यंतराच्या तोंडावर. त्या दोन-तीन मिनिटांत काय होतं हे मी मैदानावर भोगलंय. डोकं आधीच पाण्याच्या बाटलीकडे गेलेलं असतं. जो दर आठवड्याला खेळतो त्याला त्या मिनिटांची सवय असते. तो ओरडून मागच्याला जागा दाखवतो, चेंडू बाहेर मारून टाकतो, वेळ काढतो. हे कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही.

सरांचा रात्री साडेदहाला फोन आला. मला वाटलं ते म्हणणार, बघा, ईर्षा. ते म्हणाले, "मॅडम, तो चव्वेचाळीसचा गोल. आमच्याकडं वर्षाला एवढ्या मॅचा असत्यात की पोरांना शिट्टी कधी वाजणार ते पायाला कळतं." बस्स, एवढंच बोलले आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ काही न बोलता फोन कानाला लावून बसलो होतो.

अण्णांनी टीव्ही बंद केला नव्हता. खेळाडू मैदानात बसले होते, काही आडवे. "यांना कुणी काही बोलू नका," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

आज शनिवार, १ नोव्हेंबर. दिवाळी झाली. २५ तारखेपासून गोव्यात सुपर कप सुरू झालाय, ते सामने मी संध्याकाळी पेपर तपासता तपासता बघते. लीगचा पत्ता अजून नाही. घरात सगळं बोलणं उद्याच्या नवी मुंबईतल्या मुलींच्या क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलचं आहे. परवा ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीनशे एकोणचाळीस धावा पार करणाऱ्या याच मुली साखळीत ओळीनं तीन सामने हरल्या होत्या, आणि तेव्हा त्यांच्याबद्दलही लोक हेच म्हणत होते. लेकीनं आज मला विचारलं, "आई, तेव्हा त्यांचं मनोबल कुठे गेलं होतं?" मी तिला रजिस्टरची गोष्ट सांगितली. तिला आत्तापर्यंत सांगितली नव्हती.

दुपारी दाजींचा फोन आला. छाटणीला एकोणीस दिवस झाले, डोळे फुटले, पानं उघडली, घड दिसायला लागले. ते बागेतूनच बोलत होते, मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज. खालच्या बाजूच्या ओळींना बरा माल आहे, एका काडीला एक, कुठे दोन. ओढ्याकडच्या एकरात बऱ्याच काड्यांवर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, आलीय. "रिपोर्टमध्ये होतं तसंच," ते म्हणाले. "या बागेला औंदा काही बोलायचं नाही. एप्रिलपासून बघू."

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "१८ तारखेला ढाक्याला मॅच आहे ना? आता हरलो-जिंकलो तरी फरक नाही. कुणाला खेळवायचं?"

मी म्हटलं, जी पोरं सुपर कपात रोज खेळतायत त्यांना. पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, त्यातल्या एका कोऱ्या पुरवणीच्या मागे रेघ मारली, आणि खालून, शेवटच्या मिनिटाकडून नावं लिहायला सुरुवात केली. लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, गोलकीपर मी सांगणार.